पोलादी पिंजरा आणि गुंडाळता पट्टा

१९५५ सालच्या नोव्हेंबर महिन्यात अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या मुखपत्रात, कॅलिफोर्नियातील पासाडेना येथे मेंदूच्या शस्त्रक्रिया करणारे डॉ. सी. हंटर शेल्डन यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. मोटार अपघातांत डोक्याला मार लागून आलेल्या रुग्णांवर उपचार करीत असता, अशा जखमांवर प्रतिबंध हाच काय तो खरा उपाय आहे, अशी जी त्यांची खात्री पटली होती, तीच त्यांनी निबंधाच्या मथळ्यात नमूद केली होती. आणि मोटारीच्या अंतर्भागात जे फेरफार व्हावेत म्हणून त्यांनी सुचविले, त्यांत आपोआप गुंडाळला जाणारा आसनपट्टा, छातीत न घुसणारे, आत घेतलेले स्टिअरिंग, मजबूत छप्पर आणि गाडी उलटली असता आतील माणसांच्या वाट्याची पोकळी राखून ठेवणारी पोलादी कमान, या गोष्टी एकत्र आल्या होत्या.

एका शस्त्रवैद्याच्या लेखणीतून शेजारी शेजारी उतरलेल्या पट्टा आणि कमान या दोन सूचनांचा पुढील प्रवास मात्र निरनिराळ्या वाटांनी झाला. पट्टा शहरातील मोटारींत शिरला, कायद्याच्या अंमलाखाली आला आणि घरोघरी परिचित झाला. कमान शर्यतीच्या मैदानावर वाढली, तिला बाजूचे आणि पुढचे पाइप फुटून तिचा पिंजरा झाला, आणि आज सह्याद्रीच्या चिखलवाटा तुडविणाऱ्या हौशी जीपमालकाला हा पिंजरा, म्हणजे त्याच्या भाषेत ‘रोल केज’, गाडीचे भूषण वाटू लागला आहे. या दोन्ही वाटा पुन्हा एकत्र येतात त्या बोटाएवढ्या जाडीच्या एका बोल्टापाशी, जेथे पट्टा पिंजऱ्याला जखडला जातो. पिंजऱ्याच्या रंगावर, त्याच्या बाकावर आणि त्यावर लावायच्या दिव्यांवर जितका विचार होतो, त्याच्या दशांशही विचार या बोल्टाच्या वाट्याला येत नाही. आणि माणूस वाचणार की नाही याचा निकाल तर बहुधा तेथेच लागतो. म्हणून हा विषय येथे सविस्तर मांडण्याचे योजिले आहे.

जीप का उलटते

दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. त्या गाडीत आसनपट्टा नव्हता. दारे नसलेल्या बाजूंना कापडी पट्टी आडवी लावण्याची सोय होती, एवढेच. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत या गाडीची जुळणी सुरू केली, आणि तेव्हापासून शेतकरी, कंत्राटदार, वनखाते आणि पोलीस यांच्या सेवेत तिने महाराष्ट्राचे असे एकही खोरे ठेवले नाही की ज्यात तिच्या चाकांचा ठसा उमटला नाही. एमएम ५४० हे तिचे मधल्या पिढीतील रूप आणि २०१० साली आलेली थार हे नंतरचे. पण अंगलट एकच: उंच चेसिस, अरुंद अंतरावरची चाके, मोकळे अंग आणि डोक्यावर कापडी छत.

अशी गाडी कोणत्या तिरपेपणाला कलंडेल, हे दोनच मापांवरून अदमासता येते. विलिस जीपच्या डाव्या-उजव्या चाकांतील अंतर सुमारे १.२४ मीटर होते. माणसे आणि सामान धरून गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर आहे असे मानले, तर कडेच्या उताराचा कोन ४१ अंशांच्या सुमारास गेला की गाडी स्वतःहून कलंडते. आणि मोठी चाके व उंच पाटे बसवून तोच मध्य १० सेंटिमीटरांनी वर नेला, तर ही मर्यादा ३८ अंशांच्या आत येते. पाट्यांची लवचीकता, चाकाखाली निसटलेला दगड आणि चढणीवरचा झटका यांचा हिशेब यात नाही. त्यांमुळे प्रत्यक्षातील मर्यादा याहूनही खाली असते.

डोंगरवाटेवरचे हे उलटणे महामार्गावरील अपघाताहून निराळ्या जातीचे असते. वेग बहुधा चालत्या माणसाइतकाच असतो. गाडी क्षणभर दोन चाकांवर तोलली जाते, मग संथपणे कुशीवर पडते, आणि खाली उतार असेल तर पुन्हा पुन्हा लोळते. या संथपणामुळेच मनुष्य फसतो. आपण उडी मारू, आपण पाइप धरून तग धरू, असे त्याला वाटते. तो उजवा हात बाहेर काढून पिंजऱ्याचा वरचा पाइप घट्ट पकडतो, किंवा पडत्या बाजूला पाय टेकण्यासाठी बाहेर काढतो. आणि दीड-दोन टन वजनाची गाडी ज्या पाइपावर येऊन टेकते, त्याच पाइपाच्या आणि दगडाच्या मधोमध त्याचा हात असतो. ज्याला पट्टा नाही तो आसनावरून घसरतो, अर्धा बाहेर येतो, आणि त्याच्या रक्षणासाठी उभारलेला पिंजरा त्याच्याच अंगावर पडतो.

पिंजऱ्याचे हे दुसरे रूप डोळ्यांआड करून चालणार नाही. तो एक पोकळी सुरक्षित राखतो. त्या पोकळीत माणसाला धरून ठेवण्याचे सामर्थ्य मात्र त्याच्यात मुळीच नाही. इतकेच नव्हे, तर पट्टा नसलेल्या माणसाच्या उघड्या डोक्यासाठी, कापडी छताच्या जागी आलेला तो पोलादाचा पाइप हा नव्याने निर्माण केलेला धोका असतो. पट्ट्याविना पिंजरा बसविणाऱ्याने आपल्या गाडीतील धोका कमी केलेला नसून काही अंशी वाढविला आहे, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

गुंडाळत्या पट्ट्याचे अंतरंग

कंबर आणि छाती यांना एकाच वेळी धरणाऱ्या पट्ट्याची कल्पना अमेरिकेत रॉजर ग्रिसवोल्ड आणि ह्यू डीहेवन यांनी १९५० च्या दशकाच्या प्रारंभी मांडली. त्याच काळात कर्नल जॉन पॉल स्टॅप हे अमेरिकन हवाईदलातील वैद्य स्वतःला रॉकेटच्या घसरगाडीला बांधून घेऊन प्रयोग करीत होते. १९५४ च्या डिसेंबरात न्यू मेक्सिकोतील होलोमन येथे ताशी १,००० किलोमीटरांहून अधिक वेगावरून दीड सेकंदाच्या आत थांबताना गुरुत्वाकर्षणाच्या ४६ पट भार त्यांनी सोसला आणि ते जिवंत राहिले. नीट बांधलेले मानवी शरीर किती आघात सहन करू शकते याचा तो स्वतःच्या देहाने दिलेला दाखला होता. पुढे स्वीडनमध्ये, पूर्वी लढाऊ विमानांतील उडत्या आसनांवर काम केलेले निल्स बोलिन व्होल्वो कंपनीत आले, आणि १९५९ साली त्यांनी तीन बिंदूंवर बांधलेला, एका हाताने लावता येणारा पट्टा सिद्ध केला. त्याचे एकस्व कंपनीने इतर कारखान्यांसाठी खुले ठेवले, ही औद्योगिक इतिहासातील एक उदार घटना मानली पाहिजे.

या पट्ट्याला रिट्रॅक्टर जोडला गेला तेव्हा तो रोजच्या वापराचा झाला. रिट्रॅक्टर म्हणजे पट्टा गुंडाळून ठेवणारी, मुठीत मावेल एवढी पेटी. तिच्यात एक रीळ असते, रीळ सतत मागे ओढणारी स्प्रिंग असते, आणि रिळाला दातेरी चकती असते. खटका चकतीच्या दातांत अडकला की पट्टा बाहेर येणे बंद होते. खटक्याला हुकूम देणारे दोन पहारेकरी असतात: पहिला पट्ट्याचाच वेग ओळखतो, म्हणून पट्टा हिसका देऊन ओढला की तो अडकतो, दुसरा गाडीची अवस्था ओळखतो. उथळ खाचेत एक पोलादी गोळी ठेवलेली असते. गाडीचा वेग एकाएकी कमी झाला किंवा गाडी फार तिरकी झाली की गोळी खाचेतून वर सरकते आणि खटका उचलते.

संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या १६ क्रमांकाच्या नियमात या गोळीच्या वर्तनाचे माप ठरवून दिलेले आहे. मोटारीत सर्रास वापरला जाणारा रिट्रॅक्टर गुरुत्वाकर्षणाच्या ०.४५ पट मंदन झाले की अडकला पाहिजे. बसविलेल्या मूळ स्थितीपासून १२ अंशांपर्यंत कलला तर अडकता कामा नये. आणि २७ अंशांहून अधिक कलला तर अडकलाच पाहिजे. हे आकडे मघाच्या हिशेबाशेजारी ठेवून पाहावेत. जीप ३८ ते ४१ अंशांना कलंडते. पट्टा २७ अंशांना अडकतो. म्हणजे गाडीचा तोल जाण्याच्या आधीच पट्टा माणसाला धरून बसलेला असतो.

परंतु ही सारी हमी एका अटीवर अवलंबून आहे. ‘मूळ स्थिती’ म्हणजे ज्या कोनात निर्मात्याने ती पेटी बसवावी असे योजिले असेल ती. बहुतेक पेट्या दाराच्या खांबात उभ्या बसण्यासाठी घडविलेल्या असतात. पिंजऱ्याचा मागचा खांब मात्र पुष्कळदा तिरका असतो, आणि फॅब्रिकेटर पेटीचा कोन न मोजता ती खांबाच्या रेषेत बसवून मोकळा होतो. समजा, पेटी एका कुशीला २० अंश कलून बसली. त्या बाजूला गाडी ७ अंश झुकताच पट्टा अडकू शकतो, आणि प्रवासी वैतागून तो काढून टाकतो. उलट बाजूला मात्र गोळीने खटका उचलण्यासाठी गाडी ४७ अंशांपर्यंत झुकावी लागेल, आणि तोवर गाडी कधीच कलंडून गेलेली असेल. अशा संथ कलंडण्यात शरीर हळूहळू घसरते, पट्ट्याला हिसका बसत नाही, म्हणून पहिल्या पहारेकऱ्यावरही भिस्त ठेवता येत नाही. पट्टा नवा, पेटी नवी, बोल्ट मजबूत, आणि तरीही माणूस मोकळाच. यावर उपाय साधा आहे: गाडी सपाट जागी उभी करावी, पेटीचा कोन दोन्ही दिशांनी मोजावा, आणि खांब तिरका असेल तर तो तिरपेपणा भरून काढणारी प्लेट खांबाला जोडून पेटी तिच्या नेमस्त कोनात आणावी. गोळीची दिशा बदलता येईल अशाही पेट्या मिळतात. त्या निर्मात्याच्या सूचनेबरहुकूमच लावाव्यात.

गुंडाळता की बांधीव

डोंगरवाटांवरील चालकांची गुंडाळत्या पट्ट्याविषयी एक तक्रार असते, आणि ती निराधार नाही. खडबडीत जमिनीवर प्रत्येक हिसक्याला खटका अडकतो, दोन हिसक्यांच्या मधल्या क्षणी स्प्रिंग उरलासुरला सैलपणा गिळून टाकते, आणि थोड्याच वेळात पट्टा इतका आवळतो की पुढच्या चाकाखालचा दगड पाहण्यासाठी मान पुढे काढणेही अशक्य होते. मग चालक नेमक्या अवघड टप्प्यावर बकल सोडतो. अशा वेळी सपाट जागी थांबून, पट्टा पूर्ण आत जाऊ देऊन पुन्हा ओढून घेणे, हाच योग्य मार्ग आहे. तीव्र उतारावर पट्टा अडकून राहणे हा त्याचा दोष नसून ते त्याचे कर्तव्यच आहे.

ज्यांचा बहुतेक काळ अशाच भूमीवर जातो, त्यांच्यासाठी खांद्यावरून दोन आणि कंबरेला दोन असा बांधीव पट्टा, म्हणजे हार्नेस, अधिक योग्य होय. आणि त्याला मांड्यांमधून जाणारे पट्टे असलेच पाहिजेत, कारण ते नसतील तर खांद्याचे पट्टे ताणले जाताच कंबरेचा पट्टा पोटावर चढतो. गोव्यात २०१४ पासून ऐन पावसाळ्यात भरत आलेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांतील गाड्यांना असाच पट्टा शोभतो. पण ज्या जीपने सकाळी मुलांना शाळेत सोडायचे, दुपारी बाजारहाट करायचा आणि रविवारी मुळशीच्या किंवा राधानगरीच्या वाटा धरायच्या, तिच्यात दर वेळी चार-सहा पट्टे आवळून बसण्याचा नेम कोणी फार दिवस पाळत नाही. जो पट्टा रोज लावला जातो तोच पट्टा रक्षण करतो. म्हणून दुहेरी जीवन जगणाऱ्या गाडीला गुंडाळता पट्टाच उचित, असे माझे स्पष्ट मत आहे.

बोल्टावर किती भार येतो

पट्टा पिंजऱ्याला बांधताना आपण कशाशी गाठ घालीत आहोत, याची कल्पना एका उदाहरणाने यावी. ७५ किलो वजनाचा मनुष्य ताशी ४८ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीत बसला आहे, आणि गाडीचा पुढचा भाग चेपून व पट्टा ताणला जाऊन त्याचे शरीर अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबले, असे समजू. त्या अल्पावधीत त्याच्यावर सरासरी १३,३०० न्यूटनांचा, म्हणजे १,३५० किलो वजनाइतका भार येतो. पट्टे टांगण्याच्या बिंदूंसाठी असलेल्या युरोपीय १४ क्रमांकाच्या नियमात चाचणीचा भार १३,५०० न्यूटन ठेवलेला आहे, आणि तो छातीच्या व कंबरेच्या भागांवर एकदमच लावतात. शर्यतीच्या गाड्यांचे नियमन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने, म्हणजे एफआयएने, हार्नेसच्या खांद्याच्या व कंबरेच्या प्रत्येक बिंदूने १४,७०० न्यूटन सोसले पाहिजेत असा दंडक घातला आहे. एका हाताने हलवून ‘पक्के बसले आहे’ असे म्हणण्याला या आकड्यांपुढे काहीच अर्थ उरत नाही.

मोटारींत या कामासाठी रूढ असलेला बोल्ट सात-सोळांश इंचाचा, बारीक आट्यांचा असतो. एफआयए त्याच्या जोडीला १२ मिलिमीटरचा ८.८ प्रतीचा बोल्ट मान्य करते. ही प्रत बोल्टाच्या डोक्यावर कोरलेली असते. ८.८ प्रतीचा १२ मिलिमीटरचा बोल्ट सरळ ताणात सुमारे ६७,००० न्यूटनांना तुटतो, तर हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा त्याच जाडीचा ४.६ प्रतीचा बोल्ट त्याच्या निम्म्यातच शरण येतो. आणि दिसायला दोन्ही भावंडेच. बोल्टाखाली वॉशरांची चळत रचून तो पाइपापासून दूर नेऊ नये, कारण मग त्याच्यावर कातर भाराबरोबर वाकविणारा भारही येतो.

आता पिंजऱ्याकडे वळू. एफआयएच्या नियमांत मुख्य कमानीचा पाइप ४५ मिलिमीटर व्यासाचा आणि २.५ मिलिमीटर जाडीचा, किंवा ५० व्यासाचा आणि २ जाडीचा, थंड ओढीचा, सांधा नसलेला आणि दर चौरस मिलिमीटरला किमान ३५० न्यूटन ताण सोसणारा असावा लागतो. पाण्याच्या नळासाठी केलेला जस्ताचा मुलामा दिलेला दीड इंची पाइप जाडीला जवळजवळ तेवढाच दिसतो, परंतु त्याला उभा सांधा असतो, मुलाम्यामुळे त्याचे वेल्डिंग सच्छिद्र होते, आणि जस्ताचा धूर वेल्डरच्या फुप्फुसांत जातो. अशा पाइपाच्या पिंजऱ्याला कितीही उत्तम पट्टा बांधला तरी तो दुबळ्याच्या गळ्यात घातलेला हात ठरतो.

पट्टा टांगण्याचे मार्ग

पट्टा पाइपाला जोडण्याचे सर्वांत विश्वसनीय साधन म्हणजे पाइपाच्या आरपार भोक पाडून, त्यात जाड अंगाची नळी घालून, ती दोन्ही तोंडांना वेल्ड करणे आणि तिच्यातून बोल्ट नेणे. नुसतेच भोक पाडून बोल्ट आवळला तर पाइपाचे पोट दबते, बोल्ट सैल होतो आणि पाइपाची ताकदही घटते. एफआयएचे नियमही खांद्याच्या पट्ट्यांसाठी असलेल्या आडव्या पाइपात अशीच नळी वेल्ड करण्यास सांगतात.

दुसरा मार्ग कानाचा, म्हणजे पाइपाला वेल्ड केलेल्या प्लेटचा. ही प्लेट चांगली सहा मिलिमीटर जाड असावी, तिच्या कडा गोल घासलेल्या असाव्यात, आणि मुख्य म्हणजे ओढ ज्या दिशेने येणार त्या दिशेला ती कडेने समोरी असावी. प्लेटच्या सपाट अंगावर आडवी ओढ आली तर ती वाकते आणि वेल्डचे मूळ उकलू लागते. वेल्डिंग सीओटूचे असो की कांडीचे, ते प्लेटच्या दोन्ही अंगांना अखंड हवे. चार ठिपक्यांचे टॅक हे काम तात्पुरते धरून ठेवण्यासाठी असतात, माणूस धरून ठेवण्यासाठी नव्हे. तिसरा मार्ग पाइपाला आवळून बसणाऱ्या क्लॅम्पचा. तो दिव्यांना आणि फावड्यांना ठीक आहे. गोल पाइपावर क्लॅम्प फिरतो आणि सरकतो, म्हणून पट्ट्याचा भार त्याच्या एकट्याच्या भरवशावर कधीही टाकू नये.

मांडणी बहुधा अशी असते: पेटी मुख्य कमानीच्या पायथ्याशी, पट्टा तेथून वर, खांद्याच्या उंचीवरील मोकळेपणाने फिरणाऱ्या कडीतून पुढे छातीवर, आणि दुसरे टोक कंबरेच्या बाहेरच्या बाजूला खाली. ही कडी खांद्याच्या पातळीला किंवा किंचित वर, आणि थोडी मागे असावी. ती खांद्याच्या खाली गेली तर पट्टा खांद्यावरून खाली ओढतो आणि आघाताचा भार पाठीच्या कण्यावर उभा पडतो. फार बाहेर गेली तर पट्टा दंडावर घसरतो. फार आत आली तर गळ्याला काचतो. कंबरेचा पट्टा ओटीपोटाच्या मऊ भागावर न राहता नितंबाच्या हाडांवर बसला पाहिजे, आणि त्यासाठी त्याचा खालचा बिंदू आसनाच्या मागच्या कोपऱ्याजवळ असा घ्यावा की, बाजूने पाहता पट्टा जमिनीशी ४५ अंशांहून अधिक उभा उतरेल.

जीपच्या मागच्या मडगार्डचा पत्रा हा या बिंदूंपैकी एकाचाही जामीन होऊ शकत नाही. पत्र्याला बोल्ट लावणे अपरिहार्यच असेल तर एफआयएच्या मापाप्रमाणे पाठीमागे किमान ३ मिलिमीटर जाडीची आणि ४० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची पोलादी प्लेट द्यावी. त्याहून सूक्ष्म प्रश्न असा की, जीपची बॉडी चेसिसवर रबरी गाद्यांवर बसलेली असते. पिंजऱ्याचे पाय थेट चेसिसवर उतरविले, आसन मात्र बॉडीच्या पत्र्यावर राहिले, आणि पट्ट्याचे एक टोक पिंजऱ्याला व दुसरे पत्र्याला बांधले, तर गाडी उलटताना बॉडी आणि पिंजरा वेगवेगळे हलतात, आणि त्या दोघांमधील ओढाताण पट्ट्यातील माणसाच्या वाट्याला येते. आसन, पट्टा आणि पिंजरा या तिघांची मुळे एकाच सांगाड्यात असावीत, हा नियम ज्याने पाळला त्याचे अर्धे काम झाले.

कामाच्या हयगयीतून येणारे दोष

चांगल्या आराखड्याचीही माती करणाऱ्या काही गोष्टी फॅब्रिकेटरच्या शेडमध्ये घडतात. पट्टा गाडीत लावलेला असतानाच पिंजऱ्याचे वेल्डिंग उरकले जाते. पट्टा पॉलिएस्टरचा असतो, आणि हे द्रव्य २६० अंश सेल्सिअसच्या आतबाहेर वितळते. ठिणगीने पडलेला मोहरीएवढा डाग दिसायला क्षुल्लक, पण त्या जागी धागे तुटलेले असतात. भंगार बाजारातून अपघातग्रस्त मोटारीचे पट्टे स्वस्तात मिळतात. एकदा आघात सोसलेला पट्टा ताणला गेलेला असतो, त्याची जागा कचऱ्यात. उघड्या जीपमध्ये ऊन पट्ट्याचे धागे कुजवते, आणि लाल चिखल पेटीत शिरून गोळीची खाच भरून टाकतो. त्यामुळे प्रत्येक पावसाळ्यानंतर पट्टा पूर्ण बाहेर ओढून साध्या साबणाच्या पाण्याने धुवावा, हिसका देऊन तो अडकतो का हे पाहावे, आणि मोकळ्या सपाट जागी अगदी मंद गतीने जात असता जोराचा ब्रेक दाबून गोळीचीही परीक्षा घ्यावी. पेटी अडखळत असेल तर ती उघडून तेल घालू नये, बदलावी.

तीन बिंदूंच्या पट्ट्यात शरीर हार्नेसपेक्षा अधिक हलते, म्हणून डोके पोहोचेल तेथवर पिंजऱ्याच्या पाइपावर ऊर्जा शोषणारे कठीण फोमचे आवरण हवे. सोफ्याचा मऊ फोम तेथे निरुपयोगी आहे. आणि जीपच्या मागच्या आडव्या बाकांवर, जेथे पट्टेच नसतात, तेथे डोंगरवाटेवर कोणाही माणसाला, विशेषतः मुलांना, बसवू नये.

कायदा आणि जबाबदारी

भारतात पुढच्या आसनांना पट्टे देण्याची सक्ती १९९४ पासून आली. पट्ट्यांसाठी एआयएस ००५ आणि ते टांगण्याच्या बिंदूंसाठी एआयएस ०१५ ही मानके आहेत, आणि अशी मानके प्रसिद्ध करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था पुण्यात वेताळ टेकडीवर आहे. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाडीच्या पट्ट्याचा प्रत्येक बिंदू प्रयोगशाळेत ओढून पाहिला जातो. शेडमध्ये बसविलेल्या पट्ट्याची पहिली परीक्षा प्रत्यक्ष अपघातच घेतो.

मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मालकाला गाडीत मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करण्यास मनाई करते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडक लावला. म्हणून रस्त्यावर चालणाऱ्या जीपला पिंजरा बसविण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी, मंजुरीचा कागद जपून ठेवावा, आणि कारखान्याने दिलेले पट्टे व त्यांचे बिंदू कोणत्याही सबबीवर काढू नयेत. २०२० साली आलेल्या नव्या थारला पिंजरा कारखान्यातूनच मिळाला आणि ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या टक्कर-चाचणीत तिने चार तारे मिळविले. ज्याला नवी गाडी घ्यायचीच आहे, त्याने जुन्या गाडीवर केलेल्या कारागिरीपेक्षा असा परीक्षित पिंजरा पसंत करावा.

परंतु महाराष्ट्रात जुन्या जीपगाड्या हजारोंनी आहेत, त्यांच्यावर जीव लावणारे मालक आहेत, आणि लोखंडाला हवा तसा आकार देणारे कसबी फॅब्रिकेटरही कोल्हापूर, सांगली, पुणे, नाशिक येथे आहेत. या दोघांना माझी कळकळीची विनंती आहे. मालकाने पिंजऱ्याची किंमत ठरविताना पट्टे, नळ्या, ८.८ प्रतीचे बोल्ट आणि पाइपावरील आवरण यांचा खर्च प्रथम बाजूला काढावा, आणि तो परवडत नसेल तर पिंजराच पुढे ढकलावा. फॅब्रिकेटरने पट्ट्याविना पिंजरा बांधून देण्यास साफ नकार द्यावा, आणि बांधून दिला तर पेटीचा कोन मालकासमोर मोजून दाखवावा. या दोन गोष्टी दोघांनी नेमाने पाळल्या, तर घाटात कलंडलेल्या जीपमधून माणसे आपल्या पायांनी चालत बाहेर येतील.